उताऱ्यात दिलेलं नाही

तीनशे वीस शब्द. फार तर तीनशे चाळीस.
खाली चार प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय:
एक बरोबर, एक जवळजवळ बरोबर,
उरलेले दोन घाईतल्या मुलांसाठी.

सातपूरच्या शाळेतून निवृत्त झाले
तेव्हा भाचीने हे काम लावून दिलं.
चीनमधल्या अकरावी-बारावीच्या मुलांना
इंग्रजी वाचून कळतं का,
ते नाशिकरोडच्या गॅलरीत बसून मी तपासते.

नियमांचं एक पान आहे.
देव नको, निवडणूक नको, मरण शक्यतो टाळा.
दुःख चालेल,
पण शेवटच्या परिच्छेदात
त्यातून कुणीतरी काहीतरी शिकलं पाहिजे.

मी मधमाश्यांवर लिहिलं.
ओल्या-सुक्या कचऱ्यावर लिहिलं.
मोबाइल शिकणाऱ्या एका आजोबांवर लिहिलं,
ते आजोबा कुणाचेच नव्हते.
मार्चमध्ये विषय संपले
आणि मी आप्पांना घेतलं.

जेलरोडचं क्वार्टर, संध्याकाळचा भोंगा,
नोटांच्या छापखान्यातून सायकलवर येणारे आप्पा.
दाराबाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे,
वडी झिजेस्तोवर,
आणि मग कोपरानेच कडी ढकलून आत.

वरून दुरुस्ती आली: पैशाचा उल्लेख टाळावा.
नोटांचा छापखाना नुसता छापखाना झाला.
माझी हरकत नव्हती. दर उताऱ्यावर मिळतो.

प्रश्न तिसरा: वडील घरात शिरण्याआधी हात का धूत?
ए, त्यांना लहानपणापासून सवय होती.
बी, हातांना शाईचा वास येई.
सी, आईचा आग्रह होता.
डी, उताऱ्यात दिलेलं नाही.
उत्तर: बी.

चाचणीचे पेपर माझ्याकडे येतात,
इथे साडेचार, तिकडे सात,
मुलं जेवून पुन्हा वर्गात बसलेली.
शू वन्छी नावाच्या मुलीने डीवर खूण केली
आणि समासात, जिथे लिहायचं नसतं तिथे, लिहिलं:
उताऱ्यात नाही.
पण त्यांना तिथलं काही घरात आणायचं नसावं.
माझे वडीलही असेच धुतात.
का, ते मी विचारलेलं नाही.

व्याकरणाच्या दोन चुका होत्या. मी त्या लाल केल्या.
एक गुण कापला.
मग चहा ठेवला, तो उतू गेला.

कारण आप्पा शाईच्या खात्यात नव्हतेच.
ते मोजणीला होते.
तिथे कागद वाळून येई, कोरडा, कडक,
दिवसभर मोजायचा आणि मोजलाय अशी सही करायची.
हाताला वास कसला यायचा?

आठवीत होते मी. एकदा ते नऊ वाजता आले.
एक ताव कमी भरला होता,
सगळ्या पाळीला गेटावर उभं केलेलं,
कपडे, चपला, डब्याची झाकणं.
ताव दुसऱ्याच गठ्ठ्यात सापडला.
त्या रात्री टाकी रिकामी होईपर्यंत नळ वाहत राहिला
आणि आई काही बोलली नाही.
मी आत निबंध लिहीत होते, माझे वडील.
त्यात लिहिलं, शाई लवकर निघत नाही.
बाईंनी दहापैकी आठ दिले.

म्हणजे बी मी तेव्हाच तयार केलं होतं.

कंपनीला कळवलं: तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय,
डी धरावं.
उत्तर आलं, नम्र, दोन ओळींचं:
एक्क्याण्णव टक्के मुलांनी बी निवडलं आहे,
प्रश्न उत्तम आहे, उतारा पुस्तकात जाईल.

शू वन्छीचा गुण मला परत देता येत नाही.
पेपर बंद झालाय.
तिच्या ओळीखालची लाल रेघही पुसता येत नाही,
प्रयत्न केला, सिस्टिम घेत नाही.

पुढचा विषय आलाय: पेंग्विन.
पेंग्विनांबद्दल मला काहीच माहीत नाही.
ते सोपं जाईल.