चोवीस चमचे

रात्रीची जेवणं उरकली की मी चमचे मोजते.
चोवीस.
फडक्यावर पालथे, ओळीने,
मग कपाटात, कपाटाला कुलूप,
किल्ली गळ्यात, कार्मेच्या माउलीच्या पदकाशेजारी.

सुऱ्या इथे नुसत्या खणात पडलेल्या असतात.
नवीन आलेला माणूस ते बघून हसतो,
मग त्याला चमच्याचं कळतं
आणि तो खिडकीबाहेर बघू लागतो.

बाहेर निलगिरीचं रान. खाली खाडी,
खाडीत कालवांचे तराफे.
गालिसियाच्या या किनाऱ्यावर पोरं रात्री
वेगवान होड्यांतून सिगारेटी उतरवायची.
पुढे त्याच खोक्यांतून
दुसरंच काही येऊ लागलं.
आम्ही बाया तेव्हा कारखान्यात
सार्डिनची डोकी खुडत होतो.
नव्या मोटारी दिसत होत्या दारोदार.
विचारलं नाही कुणी.

शिआन, माझा धाकटा. एकविसाव्या वर्षी.
आमच्या घरातले चमचे कमी व्हायचे.
मला वाटायचं, खरकट्याबरोबर जात असतील.
गुरुवारच्या बाजारातून सहा आणले.
पुन्हा सहा.
विकणारा म्हणाला, घरात माणसं वाढलेली दिसतात, दोरिंदाबाई.
मी हो म्हणाले.

ते असो.

फेब्रुवारीत एका रात्री तेवीस भरले.
पुन्हा मोजले. तेवीस.
पोटात गोळा आला तो आजचा नव्हता.
घंटा वाजवली.
अठरा माणसं अनवाणी, थंडगार फरशीवर, भिंतीला पाठ लावून.
गाद्या उलटल्या, बूट झटकले.
ब्रेइशोच्या उशीतून निघालं आईचं पत्र,
पाकीट अजून न फोडलेलं.
साबेलाच्या डब्यात बटणं. नुसती बटणं, चाळीसेक.
तिनं डबा माझ्या हातून घेतला
आणि झाकण लावलं, हळू,
आत कुणी निजलं असावं तसं.

कोणी आवाज चढवला नाही.
अमारोनं तर न सांगताच
बाह्या वर सारून हात उताणे धरले.
त्याला येऊन नऊ दिवस झाले होते.
सूप वाटीला तोंड लावून प्यायचा,
चमच्याला शिवत नसे.
मी त्याचीच खोली दोनदा पाहिली.

पहाटे साडेतीनला
कॉफी टाकावी म्हणून ॲप्रनला हात पुसले
तर मांडीला काहीतरी कडक लागलं.
अख्ख्या गावाला वळसा घालून झाला होता
आणि कळसा माझ्या खिशात,
त्याच्या खोलगट पोटात कोबीचं पान वाळलेलं.
सूपची चव घेतली होती मी. संध्याकाळी.

गुपचूप ठेवता आला असता.
कुलूप माझं, किल्ली माझी,
मोजणारीही मीच.
ठेवलाही. कुलूप लावलं.
मग पुन्हा काढला.

सकाळी सगळे गोल बसतात,
एकेकानं आपलं नाव सांगून बोलायचं असतं.
मी पावाची टोपली ठेवते आणि निघते.
अकरा वर्षांत एकदाही बसले नव्हते.
त्या दिवशी बसले.
म्हटलं, मी दोरिंदा.
चमचा माझ्याकडे होता.
कोणीतरी खोकलं.
म्हटलं, माझ्या घरचे चमचेही मीच पुरवले.

पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

अमारो उठला.
मला वाटलं, चालला, बॅग भरायला.
तो स्वयंपाकघरातून कप घेऊन आला,
माझ्या पायाशी ठेवला, जागेवर जाऊन बसला.
कॉफीत साखर घातली होती त्यानं,
ढवळली नव्हती.

मी तशीच प्यायले.
वरची कडू, एकेक घोट,
तळाशी पोचेपर्यंत ब्रेइशो बोलायला लागला होता
पत्राबद्दल.

रात्री मोजले. चोवीस.
कुलूप लावलं
आणि खिसा चाचपला.