दुसरी नळी

वहीत सोळा प्रश्न लिहून आणले होते.
त्यातला पहिला विचारायच्या आतच
विभागप्रमुखांनी पडद्यावर आकडे मांडले:
तीन वर्षांत प्रत्येक रेसिडेंटच्या हातून दोनशे दहा मोतीबिंदू,
काचबिंदू इतके, तिरळेपणा इतके,
डुकराच्या डोळ्यांवर टाके शिकायला तळघरात एक खोली,
दिवसरात्र उघडी.
खिडकीबाहेर सुपिरिअर सरोवर काठाकाठानं बर्फ धरत होतं
आणि लोहखनिजाचं एक लांबलचक जहाज
मोसमातली शेवटची खेप भरत उभं होतं.
ते कुणी दाखवलं नाही. ते आकड्यांत नव्हतं.

"इथं आम्ही एका कुटुंबासारखे आहोत."
हे वाक्य या हिवाळ्यात अकराव्यांदा.
टोलीडोत ऐकलं, ओमाहात ऐकलं,
सिराक्यूजला तर लिफ्टमध्येच ऐकलं.
कुटुंब मला माहीत आहे.
आमच्याकडे केंटकीत बाबा आणि काका
नऊ वर्षं एकाच टेबलावर जेवले, एक शब्द न बोलता.
म्हणून मी आता वाक्य ऐकत नाही.
वाक्य संपल्यावर कोण कपात बघतं, ते बघते.

दुसऱ्या वर्षाचा ॲन्सेल नीबर्ग कपात बघत होता.

जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं
आणि सतरावा प्रश्न विचारला, वहीत नसलेला:
रात्री दोनला फुटलेला डोळा आला,
तू वरच्यांना फोन लावलास,
तर ते उचलतात?
त्यानं सँडविचच्या कागदाची घडी घातली.
घडीची घडी.
"डॉक्टर हाकाला उचलतात. पहिल्या रिंगला.
बाकीचे..."
कागद पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला होता.

दुपारी बाह्यरुग्ण विभाग. व्हर्नन हूल, वय एकाहत्तर,
फाँड द्यु लाकच्या वस्तीवरून पुतण्याच्या गाडीनं आलेले.
सप्टेंबरात होडीतून जंगली भात झोडताना
कुसळ गेलं डोळ्यात,
त्यावर बुरशी, मग व्रण,
आता बुबुळावर दुधाच्या थेंबाएवढा डाग.
खरंखुरं कुसळ, म्हणीतलं नव्हे,
आणि मला हसू आलं, मग आलं त्याची लाज वाटली,
कारण अकरा गावांतली कुसळं मी
नीटनेटक्या अक्षरात टिपून ठेवली होती.

हाकाला स्टुलावर बसल्या.
आधी हनुवटीची पट्टी पुसली, मग स्वतःचे हात चोळून गरम केले,
मग पापणी उचलली.
मला म्हणाल्या, "ये, दुसऱ्या नळीतून बघ."

शिकणाऱ्यासाठी यंत्राला बाजूनं लावलेली ती नळी.
तिच्यात एकच डोळा मावतो.
डाग दिसतो, कडा दिसतात,
प्रकाशाची फट बुबुळावरून सरकते तीही दिसते.
खोली दिसत नाही.
व्रण वरवर आहे की आत उतरलाय
हे ज्याच्या दोन्ही डोळ्यांना यंत्र आहे त्यालाच कळतं.
मी बराच वेळ बघत राहिले.
कळल्यासारखी मान हलवली.

हूल हनुवटी न हलवता, दातांतल्या दातांत म्हणाले,
"ही नवी का? सप्टेंबरापासून चौथी.
कुसळाची गोष्ट परत सांगू?"
"नाही," हाकाला म्हणाल्या, "ही फक्त बघायला आलीय."
"मग बघू दे," ते म्हणाले.
"राहणार असशील तर मात्र माझ्या पुतण्याचं नाव विचारून ठेव.
फोन तोच उचलतो."

विचारलं. डेल.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, लेक्झिंग्टनला,
क्रमवारी बंद व्हायच्या आदल्या रात्री
डुलूथ चौथं होतं. मग दुसरं. मग परत चौथं.
टोलीडोचे मोतीबिंदू जास्त,
ओमाहात सुट्ट्या चांगल्या, आईला विमान सोपं.
आणि डुलूथसमोर मी काय लिहिलं होतं?
हात गरम केले. जहाज. डेल.
याला गुण किती द्यायचे असतात?

स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.
परत आले तेव्हा पडदा काळा झाला होता,
त्यात मी दिसत होते, कपाशिवाय,
कपात बघणाऱ्या माणसासारखी.
बोट लावलं. यादी पुन्हा उजळली.
मग एक डोळा झाकला, मग दुसरा,
आणि एक ओळ धरून वर सरकवली.