फट

भुसावळ, मे महिना. बाहेर पंचेचाळीस,
आत एकोणीस अंश, आणि हिरव्या कापडाखाली
सुपडू नथ्थू कोळींचा उजवा गुडघा.
एकतीस वर्षं रेल्वेत चावीवाले,
खांद्यावर घण, रोज सहा किलोमीटर रुळाच्या कडेनं.
आता कमरेखाली बधिर, वर टक्क जागे.

मांडीच्या हाडात दोन पिना, नडगीत दोन,
टोकांना चकाकते गोळे; कॅमेऱ्याची नजर त्यांच्यावर.
हाडाला फुटलेले काटे आधी खुडले.
मग पाय सरळ धरून
एकदा आतून ताणला, एकदा बाहेरून.
स्क्रीनवर आकडे हलले:
आत सोळा, बाहेर एकोणीस.
नव्वदला वाकवून आत अठरा, बाहेर वीस.
आतला बंध आखडलेला,
पाय धनुकलीसारखा होत गेला तसतसा.

रोबोचा हात शेजारी थांबलाय, आज्ञाधारक.
त्याला अर्धा मिलिमीटर कळतो.
मनगटानं मी किती जोर लावला
ते त्यानं विचारलेलं नाही.
म्हणून पुन्हा, जरा वेगळ्या हातानं.
आत सतरा.
आता खरं कुठलं?

निनाद विचारतो, मॅडम, सुईनं टोचून बंध सैल करू?
थांब.
सैल केलेलं परत आवळायला माझ्याकडे पाना नाही.
नडगीचा काप एक अंश कलवून बघ.
हाड देतंय तोवर बंधाकडे मागायचं नाही.

तेवढ्यात कापडापलीकडून,
"डॉक्टरीनबाई, फट कितली सोडी?"
काका, ऐकताय होय?
"आकडा ऐकी ऱ्हायनू. दोन रूळमां फट जोयजेच,
नही ते उन्हायामां रूळ वाकडा व्हस."
बाहेरून दीड जास्त ठेवतेय.
"सारखी नही?"
नाही. वाकताना ती बाजू जन्मापासूनच थोडी सैल.
जरा वेळ नुसतं मॉनिटरचं टिकटिक.
"वळणवर आम्हना बी बाहेरला रूळ उच्चा ऱ्हास,"
आणि डोळे मिटले.

करवत फिरली. सिमेंट धरेपर्यंत कोणी बोललं नाही.

सहा आठवड्यांनी ओपीडीत आले, काठी काखेत.
खुर्चीत बसून पाय लांब केला, वाकवला,
बोटाच्या पेरानं गुडघ्याच्या कडेवर ठोकलं,
कान तिरका:
एकदा आत, एकदा बाहेर.
मी वाट पाहत राहिले.
सोळा होता की सतरा, मला अजून ठाऊक नाही.
त्यांनी पायजमा खाली ओढला,
म्हणाले, "दुसरा कवय?"