तीन नंबरचा रस्ता

स्वेटरच्या गिरणीतलं शेवटचं यंत्र
लिलावात घेणाऱ्यांनी सुटं करून नेलं,
तेव्हा त्याचा एक पितळी हूक
माझ्या ॲप्रनच्या खिशात राहून गेला.
तेवीस वर्षं.
त्रेलेऊ गावात माझ्या हाताखालून न गेलेली बाही
शोधून सापडली नसती.
एक्कावन्नाव्या वर्षी घरी बसले, तर आरोल्दो म्हणाला,
आता जरा विश्रांती घे.
म्हणाला प्रेमानंच,
पण बंद खोलीतल्या खुर्चीवर चादर टाकावी
तसा तो शब्द माझ्या अंगावर पडला.

डॉक्टरनं डोळे पाहिले, गुडघ्यावर ठोकलं,
कागदावरचं वय दोनदा वाचलं.
ट्रक? मोठा?
म्हटलं, त्याहून मोठा मिळत नाही म्हणाले.

शिकवायला नेल्सन अन्तिलेफ,
माझ्या धाकट्याहून दोन वर्षांनी लहान.
मला दोन्या एदिथ म्हणायचा,
आणि मी चुकले की बोलायचा नाही,
नळीतून नुसता माते ओढायचा,
सुर्रर्र.
पुढे काय, कुणीही नेतं. मागे घ्या, म्हणायचा.
ट्रेलर डावीकडे हवा तर चाक उजवीकडे,
आणि तो वळायला लागला की लगेच
त्याच्या मागे जायचं, समजूत काढत.
तीन आठवडे त्या मैदानात मी पिवळे शंकू चिरडले.
रात्री जेवताना आरोल्दोनं मीठ मागितलं
तर हात मिरपुडीकडे गेला.
चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी,
हातांना कळलं. मला नंतर.
सुईवरही असंच व्हायचं,
उलट टाका बोटांनी घालून झाला
की मग डोकं विचारायचं, कुठला घातलास?

रावसोन बंदरावरून गोठवलेली कोळंबी उत्तरेला न्यायची,
येताना संडासाची भांडी.
एवढंच.
कुणाला यात काही भव्य दिसत असेल
तर त्यानं ती भांडी बांधून बघावीत.

आमच्याकडे वारा सुटत नाही, तो असतोच.
रिकामा ट्रेलर दिसला की खांद्यानं ढकलतो,
भरलेल्याला नुसता चाचपून सोडून देतो.
पहिल्या एकटीच्या फेरीत दोनशे किलोमीटर
मी दात आवळून बसले होते,
हे पंपावर पाव चावताना कळलं, जबडा दुखला तेव्हा.
तिथल्या एकानं विचारलं, नवरा कुठाय?
म्हटलं, घरी. कोंबड्या बघतो.
तो हसला नाही. मीही नाही.

रात्री केबिनमागच्या फळीवर आडवी झाले.
कोळंबीचं शीतयंत्र घरघरत होतं,
थांबत होतं, पुन्हा घरघरत होतं.
वाटलं होतं डोळा लागणार नाही.
गिरणी बंद झाल्यापासून
त्या रात्री पहिल्यांदा मी सकाळपर्यंत झोपले.
आरोल्दोला हे सांगितलेलं नाही.
तो फोनवर टोमॅटोंचं सांगतो,
आणि शेवटी विचारतो, कंबर?
मी म्हणते, आहे.

सिएर्रा ग्रांदेच्या अलीकडे
रस्त्याकडेला बाटल्यांचा ढीग आहे, शेकडो, पाण्यानं भरलेल्या.
वाळवंटात तहानेनं मेलेली एक बाई, कोर्रेआ,
तिच्या छातीशी लागलेलं मूल म्हणे जिवंत सापडलं.
ट्रकवाले तिला पाणी ठेवतात.
आमच्या घरी वेल्श चॅपल.
नवस, मेणबत्त्या, असल्या गोष्टींना
आईनं कधी उंबरा ओलांडू दिला नाही.
चार फेऱ्या मी सरळ निघून गेले.

पाचव्यांदा थांबले. टायर बघायचे होते.
सगळे बघितले, बावीसच्या बावीस.
मागेपुढे कुणी नव्हतं,
कुंपणापलीकडे एक ग्वानाको तेवढा मान वर करून.
माझ्या बाटलीत निम्मंच पाणी उरलं होतं,
त्यातला एक घोट मी आधी घेतला.
झाकण घट्ट लावून ठेवली, ट्रककडे वळले.
मग परत गेले,
तिला उघडता यावी म्हणून
झाकण थोडं सैल केलं.