दिवसा झोपणारे

सोहारला, बंदराच्या मागच्या बराकींमध्ये
मोजणीचं काम मिळालं, तीन महिन्यांच्या करारावर.
टॅबलेटवर पहिला प्रश्न:
काल रात्री इथे किती माणसं झोपली?

खोली अकरा. खाटा सहा.
सहा, म्हणाला मल्लेशम,
मग मान खाजवत: तसे बारा.
एका खाटेवर दोघे, पण त्यांची भेट होत नाही.
एक भट्टीवरून येतो तेव्हा दुसरा बसमध्ये चढलेला असतो.
उशी तेवढी दोघांना ओळखते.
मी सहा लिहिले.
दिवसा झोपणाऱ्यांसाठी रकाना नव्हता.

ऑफिसात बदरियानं पडद्यावर आलेख काढला.
खाली पोरं, वर म्हातारे, मनोऱ्यासारखा असतो म्हणे तो.
हा तसा नव्हता.
पंचविशी ते चाळिशी, पुरुषांच्या बाजूला, इतका फुगलेला,
जसा एकाच गालाला गालगुंड झालेला पोरगा.
साठीच्या वर, परक्यांमध्ये, जवळजवळ कोणीच नाही.
तुमचे म्हातारे कुठे गेले? तिनं विचारलं.
आम्ही म्हातारे घरी जाऊन होतो, मी म्हटलं.
इथे फक्त मधलं वय आणतो,
विमानाच्या वजनात बसेल तेवढंच.

ती हसली. तिला पाचव्यांदा दिवस गेलेले,
सातवा महिना, खुर्ची टेबलापासून लांब.
देशाला मुलं हवीत, म्हणाली.
मला एवढी नको होती
हे मात्र हळू, हिंदीत,
भिंतींना कळू नये म्हणून.

गावी आमच्याकडे आखात कोणी म्हणत नाही. बाहेर म्हणतात.
बाहेर गेलाय. बाहेरून पैसे आले.
बाहेरवाले मे महिन्यात येतात, आंब्याला,
आणि आमच्या वर्गातली निम्मी पोरं फेब्रुवारीची.
मीही.
अब्बांची रजा त्या साली नामंजूर झाली असती
तर मी नसते.
पुढच्या साली मिळाली असती तर दुसरंच कोणी
माझं नाव लावून, माझ्या बाकावर बसलं असतं,
कदाचित गणितात बरं.
त्या अर्जावर सही करणाऱ्या साहेबाला विचारायचंय:
मी आले नसते तर नुकसान कोणाचं?
ज्याला सोसावं लागलं असतं
ते माणूसच नसतं ना.

घरी हाच हिशोब रियाज उलटा मांडतो.
इथे मूल परवडत नाही, तिथे बाप परवडत नाही.
मी अडतीसची. तो रात्रपाळीला.
बोलणं दारातच होतं, एकाच्या हातात डबा
आणि दुसऱ्याच्या हातात किल्ली.

मोर्शेदा, विला चाळीस, स्वयंपाकघर.
वय विचारलं तर ओल्या बोटांनी तेवीस दाखवलेलं.
ओढणी सारखी पुढे ओढत होती.
दुसऱ्या फेरीला दार मालकिणीनं उघडलं.
पाठवली परत, म्हणाली,
आणि कारण म्हणून स्वतःच्या पोटासमोर
हवेत एक कमान काढली.
मी ‘देश सोडला’ दाबलं.
यंत्रानं एक वजा केला.
उन्हात उभी राहून मी तो आकडा बघत बसले.
वजाबाकी बरोबर होती.
विमानात दोघं होती.

कराराच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी,
काम नसताना अकरा नंबरला गेले.
खिडकीला पुठ्ठा लावलेला. एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
पोटऱ्यांवर भट्टीचे डाग, तोंडावर टॉवेल, सगळे गाढ.
माणसं मोजू नयेत, मोजली की कमी होतात,
अम्मी म्हणायची. तिचं म्हणणं खरं तर कोंबड्यांबद्दल होतं.

तरी मी मोजले, ओठ न हलवता.
पाच.
सहाव्या खाटेवर चादर नीट घडी केलेली,
आणि त्याच्याबद्दल विचारायला
कोणाला जागं करावं, कळेना.