पीळ

वोलोग्दाहून खोकं आलं.
आत आईची गवत ठासलेली लांबुळकी उशी,
तिच्यावर अर्धवट लेस, टाचण्यांना गंज,
आणि लाकडी फिरक्या, बारा जोड्या.
मोजल्या तर तेवीसच.

चौऱ्याऐंशीचा फेब्रुवारी होता तेव्हा, फोंतान्का गोठलेली.
संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर
वेनियामिन लाझारेविच फळ्यावर तीन रेघा ओढत होते.
तीन कण, एकाच रेषेवर,
एकमेकांना ओलांडून जाणारे.
आधी कुणाची कुणाशी गाठ पडते
यावर शेवट ठरू नये, ते म्हणाले.
असं आपोआप होत नाही. तसं मागावं लागतं.
हे मागणं म्हणजेच समीकरण.

मी मागच्या बाकावर.
बाकाखाली माझे हात आपसूक हलत होते:
डावी उजवीवरून, मधली बाहेर, डावी उजवीवरून.
कापितोलिना येगोरोव्हनाची मुलगी मी,
सातव्या वर्षी उशीपाशी बसवलेली.
चुकलं की बोटांवर फिरकी बसायची.

आई बीजगणित हा शब्द कधी बोलली नाही.
म्हणायची,
आधी ह्या दोघींना भेटव की आधी त्या दोघींना,
तिघी शेवटी बसायच्या तिथेच बसतात.
पण दोघींनाच दोनदा ओलांडलंस
तर पहिल्यासारखं झालं असं समजू नकोस.
बघ. पीळ राहिला.

एवढ्या एका वाक्यावर
आम्ही चार वर्षं खडू झिजवला.

दोनदा अदलाबदल केली की जैसे थे,
हा शाळेतला हिशेब.
अ आणि ब यांनी जागा बदलल्या
की मध्ये एक अक्षर येऊन बसतं, क्यू,
चिमूटभर मिठासारखं.
क्यू एक झाला की चव गेली,
सगळं पुन्हा गुळगुळीत, आज्ञाधारक.
आणि नुसता गुणाकार तर निर्गुणच,
त्याला हलायला एखादं अंगण द्यावं लागतं,
मग कळतं कोण आहे तो,
किती रूपांनी येतो,
कुठल्या रूपाचे पुढे तुकडे पडत नाहीत.
कधी ते अंगण वक्र निघतं, भूमितीतलं,
कधी चुंबकांची रांग, भौतिकवाल्यांची.
आम्ही भांडायचो, कुणाचं अंगण खरं.
चहा गार व्हायचा.

तार सकाळी आली होती.
प्रबंधाची परीक्षा अकरा वाजता.
मी आधी प्रबंध मांडला, मग गाडी पकडली.
वेनियामिन लाझारेविच फलाटावर थांबून राहिले,
हातमोजे विसरलेले.
पोचले तेव्हा माती टाकून झाली होती,
बर्फावर देवदाराच्या फांद्या.

उलट क्रमाने केलं असतं तर?
तिघी असत्या तर म्हणाले असते, शेवट तोच.
वडील आमच्या घरात नव्हतेच कधी.
आम्ही दोघीच होतो.
दोघींना तो नियम लागू पडत नाही.

खोक्याची सुतळी मी तव्यावर जाळली.
सुंभ जळतो, पीळ जळत नाही,
हे बोलायला सोपं.
राखेत वेटोळी खरंच तशीच होती, करडी, मोजता येण्यासारखी.
खिडकी उघडली आणि गेली.

रात्री उशी मांडीवर घेतली.
चोविसाव्या दोऱ्याला वजन नव्हतं,
ओल्या केसासारखा तो कडेला चिकटलेला.
खिशात खडूचा तुकडा होता.
बांधला.

डावी उजवीवरून.