घोटभर

पहाटेचे तीन दहा.
ल माँच्या पिटभिंतीवर माझी खुर्ची उंच आणि गार.
समोर सहा पडदे. एकावर इंधन, एकावर टायरचा ताप,
बाकीच्यांवर इतरांच्या चुका, जरा उशिरा पोचणाऱ्या.

कानात दुआर्ते: "पुढचा दिसतोय. घेऊ का?"
तेवीस वर्षांचा आहे.
त्याला प्रत्येक सरळ रस्ता शंभर मीटरचा वाटतो.

शंभर मीटरचं सोपं असतं.
बंदूक वाजली की सगळी तिजोरी एकदम पालथी करायची,
मोजायला कुणी बसत नाही.
चारशेत शेवटच्या वळणावर पोटऱ्यांत शिसं उतरतं.
मॅरेथॉनमध्ये तर पहिला तासभर
स्वतःशीच खोटं बोलावं लागतं,
की आपण धावतच नाही आहोत,
सहज निघालोय, कोपऱ्यावरून पाव आणायला.

आणि आठशे.
आठशेचं नंतर सांगते.

"नको," मी म्हणते. "वळणाच्या आधीच पाय काढ.
घरंगळू दे."
तो पोर्तुगीजमध्ये माझा उद्धार करतो.
पण पाय काढतो.
पडद्यावरचा एक आकडा दशांशाने सुधारतो.
असे दशांश रात्रभर वेचायचे,
जसे साब्लेच्या कारखान्यात बाबा
ट्रेच्या कडेचा बिस्किटांचा चुरा वेचायचे,
टाकवत नाही म्हणून.

गुरुवारी भट्टीवरून थेट मैदानात यायचे.
त्यांच्या स्टॉपवॉचच्या काचेवर
लोण्याचा अंगठा कायम उमटलेला,
सेकंदकाटा त्याखालून जाताना क्षणभर पुसट व्हायचा.

पाच वाजता धुकं. पिवळे दिवे.
सगळ्या गाड्या एकामागे एक, शाळेच्या रांगेसारख्या,
आणि रात्रभर वेचलेलं अंतर
चाळीस मिनिटांत सपाट.
धावण्याशी तुलना इथे मोडते.
तिथे पुढच्याला कुणी थांबवून धरत नाही तुमच्यासाठी.
आणि गेनोले अर्ध्या मिनिटात
गाडीचे चारही पाय बदलून देतो,
नवे, कोमट, ज्यांना काही आठवत नाही.
मला तेव्हा मिळाले असते तर?

आठशे. आँजे. मी एकोणीस.
चौथी, आतल्या रेषेवर, तिघींच्या पाठी आणि एकीच्या कोपराशी कोंडलेली.
हात राखून धावत होते.
फट पडेल, मग बघू, असं मनाशी.
पडली,
तेव्हा रेषा तीस मीटरवर होती.
बाकीच्या गवतावर आडव्या. एक ओकत होती.
मी उभी.
वेणीसुद्धा सुटलेली नाही.
लाज वाटावी इतकी ताजी.
बाबा कुंपणाशी आले.
कितवी आलीस, विचारलं नाही. वेळही नाही.
"किती उरलं होतं, माइवेन?"

मी बूट सोडत बसले, फार वेळ.

दुपारी तीन वाजून बत्तीस मिनिटं.
दुआर्ते पुन्हा गाडीत, डोळे लाल, आवाज म्हातारा.
"थांबू? लाल दिवा लागलाय."
शेजारचा इंजिनिअर म्हणतो, थांबवा, धोका कशाला.
सगळेच थांबवतायत.
माझ्या आकड्यांनुसार पुरतं. म्हणजे, बहुतेक.
माझा अंगठा बटणावर. घामेजलेला.

"नको थांबू," मी म्हणाले.
"आणि आता पाय काढूही नकोस."
यावेळी त्याने शिवी दिली नाही.

सातवे आलो.
कुणी शॅम्पेन उडवली नाही. झेंडा घेतल्यावर
पुढच्या झाडीपाशी गाडी
खोकून उभी राहिली, आणि दुआर्ते
छतावर बसून झाडीतल्या लोकांना हात करत राहिला.

संध्याकाळी फोन केला.
बाबांच्या मागे टीव्ही मोठ्याने चालू, भांड्यांचा आवाज.
नंबर विचारला नाही.
"किती उरलं?"
"घोटभर."

पलीकडे बराच वेळ नुसती भांडी.
मग म्हणाले,
"घोटभर म्हणजे जास्तच झालं."